एक हजार एक पिशव्या

"मॅडम, मी तर दीड महिन्यामागंच दिलं ना रक्त," गोरक्ष फोनवर म्हणाला. "तुमच्याच ब्लड बँकेला. त्या मंडळाच्या शिबिरात. हेल्मेट बी दिलं त्यांनी."

"मी फोन करीन तेव्हाच यायचं, असं ठरलं होतं ना आपलं?"

"मंडळाची पोरं दारात आली, मॅडम. चांगल्या कामाला नाय कसं म्हणायचं?"

पल्लवीनं फोन ठेवला. वहीतलं हे आठवं आणि शेवटचं नाव होतं. तिला त्याच्यावर चिडता येईना, आणि चिडता येत नाही म्हणून ती आणखीच चिडली.

एकवीस वर्षं ती नाशिकच्या या रक्तपेढीत टेक्निशियन होती. सहा वर्षांपूर्वी नांदगावची जहिदा तीन वर्षांच्या अरफाला घेऊन पहिल्यांदा आली. पोरीला थॅलेसेमिया. दर वीस दिवसांनी बाहेरून रक्त चढवायचं, तरच जगायचं. त्यात रक्तगट 'बी निगेटिव्ह', म्हणजे मिळायची मारामार. तेव्हा पल्लवीनं जुनी रजिस्टरं उपसून या गटाची आठ माणसं शोधली आणि त्यांचे नंबर लावले. वीस दिवसांनी एक जण. एकदा रक्त दिलं की तीन महिने देता येत नाही, पण आठ जणांत प्रत्येकाचा नंबर पाच महिन्यांनी यायचा. कुणाला त्रास नाही, कुणाची मिनतवारी नाही. सहा वर्षांत एकही खाडा पडला नव्हता. याचा फोटो कधी कुठं छापून आला नाही, कारण यात छापण्यासारखं काही नव्हतंच.

मग ललितभाऊंच्या मंडळानं साहेबांच्या वाढदिवसाला एक हजार एक पिशव्यांचा विक्रम करायचं ठरवलं. पल्लवीनं आधीच हात जोडून सांगितलं होतं, की रक्त पस्तीस दिवसांवर टिकत नाही. दर आठवड्याला वीस जण पाठवा, वर्षभरात तेवढेच होतील. ललितभाऊ मनमोकळं हसले होते. "मॅडम, वीस माणसांचा बॅनर कसा लावायचा?"

शिबिर झालं. आठही जण गेले; तीन महिने न भरलेलेही, कारण त्या गर्दीत मागचं रक्त कधी दिलं हे कुणी विचारलंच नाही. त्या गर्दीत तिसऱ्या टेबलावर पल्लवी सकाळपासून सुया टोचत होती, आणि त्या आठातल्या एकाच्या दंडात तिनंच चेहरा न बघता सुई घातली होती. हे तिला नंतर रजिस्टरमधल्या स्वतःच्या सहीवरून कळलं. त्या आठ पिशव्यांतल्या दोन अरफाला लागल्या, एक बाळंतिणीला. बाकीच्या पाच कुणी घेईना, कारण त्या आठवड्यात सगळीच मंडळं पुण्य करत होती आणि शहरातले फ्रिज भरून वाहत होते. नऊ दिवसांपूर्वी त्या पाच पिशव्या, आणि त्यांच्यासोबत इतर गटांच्या तीनशे, तिनं कचऱ्याच्या पिवळ्या थैल्यांत टाकल्या होत्या.

आज अरफा बाहेर बाकावर बसली होती. हिमोग्लोबिन पाच पॉइंट सहा. शहरातल्या सगळ्या रक्तपेढ्यांना फोन करून झाले होते; तिला चालणारं ओ निगेटिव्हही कुठं नव्हतं. धुळ्याहून एक पिशवी उद्या येईल म्हणत होते, तेही तिथल्या ऑपरेशनला लागली नाही तर.

नेमके अशा वेळी ललितभाऊ सन्मानचिन्ह घेऊन दारात उभे. पांढरा शर्ट, सोबत फोटोवाला.

"मॅडम, तुमच्या स्टाफसाठी. आणि पुढच्या वर्षी दोन हजार, बरं का."

"फोटोवाल्याला बाहेर पाठवा," पल्लवी म्हणाली. तो गेल्यावर तिनं सगळं सांगितलं. आवाज चढवला नाही.

ललितभाऊंचा चेहरा पडला. "आम्हाला काय माहीत, मॅडम? आम्ही तर चांगल्यासाठीच..."

"माहीत होतं. मी सांगितलं होतं. तुम्हाला चांगलं करायचं नव्हतं, मोठं करायचं होतं."

ललितभाऊ बाही वर सारत म्हणाले, "माझं घ्या. आत्ता घ्या."

"शिबिरात दिलं नाहीत?"

"स्टेजवर होतो दिवसभर."

तिनं त्यांच्या बोटाला सुई टोचली, काचेवर थेंब तपासला. "बी पॉझिटिव्ह. तिला चालत नाही. आणि या गटाच्या शंभरावर पिशव्या नऊ दिवसांपूर्वीच टाकल्यात मी, तुमच्याच. दोन महिन्यांनी, कमी पडलं की बोलावते. तेव्हा एकटे या."

"मग आता काय करू?"

"बाहेर तिची आई बसलीय. आज रक्त नाही, हे तुम्ही सांगा. सहा वर्षांत मला हे सांगायची वेळ आली नव्हती."

ते उठतील असं तिला वाटलं नव्हतं. पण उठले. तीही मागोमाग दारापर्यंत गेली.

जहिदानं त्यांना लगेच ओळखलं. नांदगावहून येताना स्टँडबाहेरच्या बॅनरवर हाच चेहरा होता. ती पदर सावरून उभी राहिली. "भाऊ, तुमीच ना शिबिरवाले? मागच्या टायमाला ताईंनी तुमच्याच शिबिराचं रक्त दिलं माझ्या पोरीला. अल्ला तुमाला लय आयुष्य देवो."

ललितभाऊंनी पल्लवीकडं पाहिलं. त्यांना सोडवायची तिची अजिबात इच्छा नव्हती.

"ताई, आज..." ते म्हणाले, आणि पुढचा शब्द काही केल्या येईना.

"अरफा, उठ ना बेटा," जहिदा म्हणाली. "काकांना सलाम कर."

अरफानं उठायचा प्रयत्न केला, पण जमलं नाही. मग बसल्या बसल्याच तिनं हात उचलला. तो कपाळापर्यंत पोचला नाही. छातीशीच थोडा वेळ थांबला आणि मांडीवर पडला. त्या हाताकडं बघत ललितभाऊ, एक बाही वर सारलेली तशीच ठेवून, तिच्यासमोर फरशीवर बसले.