न निघालेले सहा अंक

आमच्या साप्ताहिकाचं नाव 'पायथा'. सातपुड्याच्या पायथ्याशी, जळगाव जामोदला निघतं म्हणून पायथा. यापेक्षा जास्त डोकं मी नावावर खर्च केलेलं नाही. संपादक, मालक, वार्ताहर सगळं मीच, सहदेव. पानं लावायला फिजा आहे. मराठी ती माझ्यापेक्षा शुद्ध लिहिते आणि हे मला रोज एकदा तरी ऐकवते.

तालुक्याचं साप्ताहिक बातम्यांवर चालत नाही, वाढदिवसांवर चालतं. पुढाऱ्याचा पानभर फोटो आणि खाली चाळीस शुभेच्छुकांची नावं, यातून आमचा कागद यायचा. मागच्या उन्हाळ्यात आम्ही एका पाणी योजनेची बातमी छापली. नळ कागदावर आले होते, गावात आले नव्हते, एवढंच लिहिलं होतं. त्यानंतर आमच्या तालुक्यात कुणाचा वाढदिवसच येईना. पोळ्याला अंक थांबला तो दसऱ्यालाच निघाला, तोही चारऐवजी दोन पानांचा. मधले सहा गुरुवार मी ऑफिसला कुलूप लावून घरी बसलो होतो आणि बायकोवर विनाकारण खेकसत होतो.

अडचणीतल्या छोट्या, स्वतंत्र पत्रांना तातडीची मदत देणारी एक संस्था आहे, हे फिजानं माघ महिन्यात मोबाईलवर शोधून काढलं. मंजूर झालं तर वर्षभर अंक निघणार होता. नाही झालं तर मार्चअखेर शटर खाली. अर्ज इंग्रजीत होता, तो तिनं भरला. शेवटची ओळ होती, वर्षभरातले सर्व अंक जोडा.

इथे मी शेण खाल्लं. आमच्या धंद्यात फाईल कॉपी नावाची एक चीज आहे. अंक निघाला नसला तरी सरकारी जाहिरात यादीतून नाव जाऊ नये म्हणून मागची तारीख टाकून चार-पाच प्रती छापायच्या आणि नियमित आहोत म्हणून फाईलला लावायच्या. सगळे करतात. मी कधी केलं नव्हतं आणि त्या जोरावर इतरांना भरपूर नावं ठेवली होती. पण 'सर्व अंक' वाचल्याबरोबर मला त्या सहा गुरुवारांनी घाम फोडला. फिजा म्हणाली, "काका, जे निघाले तेच पाठवू ना." मी तिला गप्प केलं.

चार दिवसांत सहा अंक रचले. मोठ्या बातम्या इकडच्या तिकडच्या जुन्या उचलल्या. शेवटच्या पानावर आमची 'गावोगाव' ही पट्टी असते, कुणाचं निधन, कुणाचं हरवलं-सापडलं. ती मात्र मनानंच भरावी लागली. भाद्रपदातल्या एका अंकात मी लिहिलं: 'वडझिरी येथील महामाया तुळशीराम, वय ५२, पोळ्याच्या कर दिवसापासून घरून निघून गेल्या आहेत. अंगावर जांभळं लुगडं, डाव्या कानाची पाळी फाटलेली. दिसल्यास कळवावे.' पाळीचं सुचलं तेव्हा मला स्वतःचंच कौतुक वाटलं होतं, हेही सांगून टाकतो. खामगावला जावेदभाईच्या प्रेसवर प्रत्येकी पाच प्रती काढल्या, फिजानं स्कॅन करून अर्जाला जोडल्या आणि मूळ प्रती मी कपाटात कुलपाआड ठेवल्या.

तिसऱ्या दिवशी दुपारी दोनला एक माणूस आला. धोतर, टोपी, पायात धुळीनं माखलेले बूट. दारातच उभा राहिला.

"पायथावाले तुमीच का भाऊ? मी तुळशीराम, वडझिरीचा. माह्या बाईचं छापलं होतं तुमी, ते अजून एक डाव छापा. सापडली नाही ते."

मला वाटलं, कुणीतरी गंमत करायला पाठवलाय. अंकाबद्दल फिजा, मी आणि जावेदभाई सोडून कुणाला माहीत नव्हतं. मी विचारलं, "कोणता कान?"

"डावा. तुमीच तं लिहिलं." तो माझ्याकडे जरा कीव केल्यासारखं बघत म्हणाला, "आमच्या गावातल्या दुकानात येते तुमचा पेपर. तवाच वाचलं मी, भादव्यात."

फिजा खुर्चीवरून उठली, माझ्याकडून कपाटाची किल्ली घेतली आणि कपाट उघडून बघितलं. "काका, त्या अंकाच्या पाचही प्रती जागेवर हाये," ती हळू आवाजात म्हणाली. मग तिनं त्याचा नंबर एका कागदावर लिहून घेतला. मी त्याला छापतो म्हणालो, कारण तो जावा एवढंच मला हवं होतं. बाहेर लख्ख ऊन होतं, समोरच्या कृषी केंद्रात गिऱ्हाईक भांडत होतं आणि मला भीती वाटत होती.

पुढच्या आठवड्यात संस्थेच्या बाईंचा पुण्याहून फोन आला. बोलणं गोड, पण मुद्द्याचं.

"सहदेवजी, तुमचे सगळे अंक पाहिले. छान काढता. पण मदत बंद पडलेल्या किंवा पडू लागलेल्या पत्रांसाठी आहे. तुमचा तर एकही आठवडा चुकलेला नाही. मग संकट कुठे आहे?"

त्या सर्व अंक मागत होत्या ते मधले खड्डे दिसावेत म्हणून. सरकारी फाईलची सवय लागलेला माणूस खड्डा दिसला की तो बुजवायला धावतो. मी तेच केलं होतं आणि आपल्याच हातानं आपला अर्ज गाडला होता.

मी लाज सोडून सगळं कबूल केलं. सहा अंक निघाले नाहीत, ते परवा छापले, मजकूर बनावट आहे. पलीकडे कागद चाळल्याचा आवाज आला.

"असं कसं? तुम्ही दिलेल्या यादीतल्या सहा वर्गणीदारांना आम्ही फोन केला होता. सगळे म्हणाले, अंक दर गुरुवारी आला. एका आजीबाईंनी तर हरवलेल्या बाईची बातमी वाचून दाखवली. जांभळं लुगडं." त्या थांबल्या. "तुम्ही आता का नाकारताय ते मला कळत नाही. तरी एक करा. अंक निघाला नव्हता असं प्रेसचं किंवा एका तरी वाचकाचं लेखी पाठवा. मी संस्थेला पुन्हा विचार करायला लावते."

जावेदभाईला फोन लावला. वीस वर्षांचा स्नेह आहे. तो म्हणाला, "काऊन बे, झोपेत हाये का? सहाही अंक छापले ना मी, हजार-हजार. गठ्ठे एसटीनं तुले पाठवले. आता पाच-पाच वरून काढले ते येगळे." त्याच्या आवाजात मस्करी अजिबात नव्हती.

राहिला तुळशीराम. बाकी सगळे अंक हातात आल्याचं सांगत होते, पण त्याची बातमी मी शब्द न् शब्द मनानं लिहिली होती. बातमी द्यायला आपण 'पायथा'च्या ऑफिसात कधी गेलोच नव्हतो, एवढं त्यानं लिहून दिलं की माझं काम होणार होतं. मी मोटरसायकल काढली आणि संग्रामपूर रोडनं वडझिरीला गेलो.

घर लहान, सारवलेलं. दाराच्या आतल्या बाजूला कात्रण चिकटवलं होतं. आमचाच टाईप, आमचीच पट्टी. सहा महिन्यांचं ऊन खाऊन कागद पिवळा पडला होता. मी बोट लावलं तर कडा मोडली.

मी त्याला बसवून सरळ सांगितलं. तो अंक निघालाच नव्हता, ही बातमी मी माझ्या डोक्यातून लिहिली, मला त्याचं तसं लेखी हवंय, नाहीतर पेपर बंद पडतो.

तो रागावला नाही. पाण्याचा तांब्या माझ्यापुढे सरकवत म्हणाला, "डोक्यातून कायले लिहिसान भाऊ? मी आलो होतो ना तुमच्याकडं. तीन गुरुवार आलो. कुलूप होतं. लय खेपा झाल्या, मंग मी दारालेच सांगून आलो. नाव सांगतलं, लुगडं सांगतलं, कानाचं सांगतलं. आन् मंग छापून आलं."

मी त्याला विचारलं, पोलिसात कळवलं होतं का.

"पोलिसात गेलो तं म्हणे, रुसून गेली असन, येईन. लिहून घेतलं नाही. पोरगं म्हणते, बाबा इसरा आता. माही बाई हरवली हे दुनियेत ह्या एका कागदावर हाये." तो दाराकडं बघत होता. "तुमी लिहून मांगता की हा कागदच नोता. मंग तं ती घरात पाह्यजे, भाऊ. कुठं हाये ते दाखवा, मी सही देतो."

मी तसाच परत आलो. फिजा वाट बघत होती. मी तिला पुण्याच्या बाईंना मेल लिहायला सांगितलं: आमचे सर्व अंक वेळेवर निघालेले आहेत, माझं आधीचं बोलणं चुकीचं होतं, तसदीबद्दल क्षमस्व.

"काका, मंग पैसे नाही भेटणार."

"हाव."

"पेपर बंद होईन."

"होऊ दे," मी म्हणालो आणि मला रडू आलं. तिच्यासमोर मी पहिल्यांदाच रडलो असेन. तिनं पाठवायचं बटण दाबलं, ओढणीनं स्वतःचे डोळे पुसले आणि उद्यापासून कुठे काम शोधायचं ते मला विचारलं.

त्या गुरुवारचा अंक आम्ही केला नाही. पान लावलं नाही, प्रेसला काही पाठवलं नाही. तरी दहाच्या सुमारास मी सवयीनं बसस्टँडवर जाऊन उभा राहिलो. मी छापतो म्हणालो होतो ती बातमी बघायला तुळशीराम आधीच येऊन बाकावर बसला होता. अंकच केलेला नाही हे त्याला सांगायचं म्हणून मी त्याच्याकडे निघालो, तेवढ्यात खामगावची गाडी लागली. कंडक्टरनं खिडकीतून डोकं काढलं.

"पायथावाले, गठ्ठा घ्या."

सुतळीनं बांधलेला गठ्ठा त्यानं माझ्या हातात दिला. वजन नेहमीचं होतं, हजार प्रतींचं. शाईचा वास ताजा होता. मी काही बोलायच्या आत तुळशीरामनं वरची प्रत ओढून घेतली आणि शेवटचं पान उघडलं. ओळीखाली बोट धरून तो सावकाश वाचत गेला. वाचून झाल्यावर त्यानं अंकाची घडी केली आणि सदऱ्याच्या आत ठेवली.

"आकोटले दिसली म्हणते. धर्मशाळेत हाये." त्यानं टोपी सारखी केली. "लय उपकार झाले भाऊ तुमचे. आकोटची गाडी कुठं लागते?"

मी हातानं दाखवलं. तो पळतच गेला, त्या वयाचा माणूस. गाडी निघेपर्यंत मी बघत होतो. ते मी लिहिलेलं नव्हतं. कुणी लिहिलं ते मला माहीत नाही आणि बाई तिथे असेल का, तेही नाही.

फिजा सायकलवरून आली. गठ्ठा बघितला आणि जागीच थांबली. तिनं एका प्रतीला हात घातला तेव्हा मी तिचा हात धरला. शेवटच्या पानावर फक्त सापडलेल्यांची नावं नसतात. त्यात निधन वार्ताही असतात, आणि या वेळी त्यात कुणाचं नाव आहे ते मला वाचायचं नव्हतं, तिलाही वाचू द्यायचं नव्हतं.

पण हजार घरं गुरुवारी वाट बघतात. मी अर्धा गठ्ठा तिच्या कॅरिअरला बांधला, अर्धा खांद्यावर घेतला आणि एकही प्रत न उघडता आम्ही अंक वाटायला निघालो.