महाराजांची दुसरी गूळतुला

"झरेवाले महाराज की जय!"

अनसिंगच्या बाजारात पाय ठेवायला जागा नव्हती. धान्याच्या मोठ्या काट्याच्या एका पारड्यात महाराज, दुसऱ्यात भक्तांचा गूळ. दांडी आडवी स्थिरावली तशी आरोळी उठली. महाराज खाली उतरले. गूळ तसाच पारड्यात राहिला.

आता पाळी मोहनसिंगची. तोंड, पोट, पाय सुजलेले, धाप लागलेली. त्याला धरून बहीण रुपाबाई उभी होती. मागल्या उन्हाळ्यात याच महाराजांनी त्यांच्या याडीचं, आईचं, पाणी 'उतरवलं' होतं. वर पुडी दिली. दिवसभर ढाळ लागले, सूज उतरली आणि सांजेला नाडीही बुडाली. लोक म्हणाले, सुटली.

"मागल्या जन्माचं पाणी हाय, बाप्पा!" महाराजांनी मोहनसिंगच्या पोटऱ्या दाबल्या. त्यांच्या बोटांवरून पाणी ओघळू लागलं. बघता बघता परात भरली. "हे तं वरचं वरचं. खरा लोंढा मी माह्या अंगावर घेतला!"

चेल्यानं पुडी सोडली. "गीळ. उरलंसुरलं आजच निंघून जाईन."

मोहनसिंगनं तोंड उघडलं. रुपाबाईनं त्याचं मनगट धरलं.

"थांब जरा." मग ती महाराजांकडे वळली. "लोंढा अंगावर घेतला, तं तुमचा भार वाढला असन. वाढला तेवढा गूळ आमी अजून वाहतो. बसा पारड्यात."

"कायले, बाई? देव काय पुन्हा पुन्हा तोलते?"

"बरोबर हाय पोरीचं!" तांड्याचे नाईक फुलसिंग गरजले. "बसवा महाराजाले!"

नको नको म्हणेपर्यंत भक्तांनी त्यांना उचलून बसवलंही.

गुळाचं पारडं जमिनीवरून हललं नाही. महाराज वर लोंबकळत राहिले.

"महाराज, मघापासून उपास धरला काय?" गर्दीतून कोणी तरी विचारलं.

हसायला कोणी धजेना. रुपाबाई म्हणाली, "पाणी माह्या भावाचं गेलं. मंग हलके तुमी काहून झाले?"

फुलसिंगांनी कफनी वर ओढली. काखेत चामड्याची पिशवी, रिकामी, चपटी. तिची नळी थेट बाहीत. दंड दाबला की झरा वाहायचा.

रुपाबाईनं भावाला पुडीसकट दवाखान्यात नेलं. पुडीत जालीम जुलाबाचा जमालगोटा निघाला. वाशीमच्या डॉक्टरांनी ती हुंगून बाजूला ठेवली. "साचायला महिना लागला, ते पाणी एका दिवसात उपसलं तर अंगातलं रक्तच आटतं. मग नाडी कुठून सापडणार? थोडं थोडं काढायचं. रोज वजन बघायचं. चक्कर आली की थांबायचं."

मोहनसिंग रोज दवाखान्याच्या काट्यावर उभा राही आणि रुपाबाईला विचारी.

"किती उतरलो, बाई?"

"थोडाच."

"एवढं सावकाश काहून?"

"याडीचं एका दिवसात उतरलं होतं," ती म्हणाली.



औषध कशाचं, किती, आणि ते कधी थांबवायचं, हे विचारण्यात देवाचा अपमान नाही. जो चमत्कार काट्यावर बसायला कचरतो, त्याच्या हाती आपलं माणूस देऊ नका.