बा. ४१२

चाळणीने कपाटातला शेवटचा खोका जमिनीवर उपडा केला आणि कार्डांच्या त्या ढिगातच तिने बसकण मारली. इंग्रजी-मराठी शब्दकोशाच्या कचेरीत तिला सगळे चाळणी म्हणत, कारण तिच्या हातून खडा म्हणून सुटत नसे. आज मात्र एका कार्डाने तिच्या नाकीनऊ आणले होते.

कार्ड होतं 'थोल' या जुन्यापुराण्या इंग्रजी शब्दाचं. आता त्याला तिकडेही कुणी कुत्रं विचारत नसेल. एक कोश म्हणे, अर्थ सोसणे. दुसरा म्हणे, होऊ देणे. अहो, मग धरायचं काय? मास्तरांनी, म्हणजे मुख्य संपादकांनी, 'सोसणे' घेऊन खाली मराठी वाक्य दिलं होतं: 'तेवढं मी सोसते, तुम्ही तुमचे शब्द लावा.' आणि आधार: बा. ४१२.

आधार म्हणजे पुस्तकाचं आखूड नाव आणि पान. छापील आधार नाही तर वाक्य नाही, वाक्य नाही तर शब्दही नाही, हा नियम मास्तरांचाच. त्यापायी त्यांनी भल्याभल्यांना फैलावर घेतलं होतं. पानं संध्याकाळी छापखान्यात जायची होती आणि यादीत 'बा.' नावाचं पुस्तकच नव्हतं. तिने बालकथा चाळल्या, बागकाम चाळलं, बांधकामाचा जाडजूड ग्रंथसुद्धा सोडला नाही. पान चारशे बारावर कुठे कलमं, कुठे विटा. सोसणारी बाई कुठेच नाही. मास्तर चुकतील हे तिला पटेना. त्यांच्याच हाताखाली ती शिकली होती, त्यांचा शब्द आपण कसा खोडायचा?

शेवटी कार्ड घेऊन ती त्यांच्या टेबलापाशी गेली. गेल्या वर्षी बायको गेल्यापासून मास्तर डबा आणत नसत, दुपारी नुसता चहा घेत.

"मास्तर, हे पुस्तक सापडत नाही."

त्यांनी चष्मा काढून पुसला, मग पुन्हा पुसला.

"पुस्तक नाहीये ते."

"मग चारशे बारा पान?"

"खोली. इस्पितळातली. मी तिथेही हे खोके घेऊन बसायचो ना."

'बा.' म्हणजे बायको, हे चाळणीला तेव्हा कुठे उमगलं.

"लिहून गेलो गं," मास्तर म्हणाले. "नियम तो नियम. खोड."

ती जागेवर आली, लाल पेन उघडलं आणि तशीच बसून राहिली. त्या खोलीत बाई सोसत होती की होऊ देत होती? आणि आपण आता करू ते यातलं कुठलं? काही केल्या तिला उलगडेना. तिला रडू येत होतं आणि मास्तरांचा रागही. छापखान्याचा माणूस दारात येऊन उभा राहिला होता.

'थोल'ला तिने हात लावला नाही. आधारग्रंथांची यादी पुढे ओढली आणि 'बागकाम'च्या वर, रिकाम्या जागेत, बारीक अक्षरात लिहिलं:

बा. – अप्रकाशित. एकच प्रत.