घड्याळजीच्या दंडावरचे यंत्र

मित्रांनो, या घराचा प्राण माझ्या हातात आहे. म्हणजे हात मला नाहीत. एक पट्टी आहे आणि तिला घामाचा वास येतो. मी रक्तदाब मोजणारे एक जुने यंत्र आहे.

कारखान्यात माझे फार कौतुक झाले. दाब तर मी मोजतेच, शिवाय नाडी वेडीवाकडी चालली तर पडद्यावर हृदयाची छोटी खूण लुकलुकवते. एवढी विद्या घेऊन आले कुणाकडे, तर एका घड्याळजीकडे. दंडाला चोळलेले तेलही न पुसता ते पट्टी बांधायचे. त्या चिकट थराची मला अजून शिसारी येते. त्यांचा मेहुणा तर जेवून उठला की ढेकरा देत दंड पुढे करायचा.

एकदा जिना चढताना घड्याळजींना धाप लागली, छातीत फडफडले. वर येऊन त्यांनी पट्टी बांधली, तेव्हा मी खूण दाखवली. दुसऱ्या दिवशीही दाखवली.

"बिघडलंय हे," म्हणत त्यांनी मला टेबलावर आपटले. खूण जाईना. मग डोळ्याला भिंग लावून त्यांनी माझे पोट उघडले. ठोका चुकला की दोष यंत्राचा, हीच त्यांची जन्माची शिकवण! आत त्यांनी फुंकर मारली. फुंकरीत तंबाखू होती. पुढचे मला सांगवत नाही.

"अहो, पुरे!" त्यांची बायको म्हणाली. "जोडा ते, आणि माझ्या दंडाला बांधा."

तिच्या दंडावर खूण आली नाही. त्यांच्या दंडावर पुन्हा आली. तिने त्यांच्या मनगटावर बोटे टेकवली.

"हे काय हो? दोन ठोके पळत येतात, तिसरा दांडी मारतो. गिऱ्हाइकानं असं घड्याळ आणलं तर काय सांगता?"

"ठेवून जा म्हणतो," घड्याळजी पडेल आवाजात म्हणाले.

"मग चला, तुम्हालाच ठेवून येते."

दवाखान्यात मलाही पिशवीतून नेले. डॉक्टरीणबाईंनी छातीला तारा चिकटवून आलेख काढला. "यंत्र नुसती शंका घेतं, खात्री या आलेखानं होते. काका, हृदयाचे वरचे कप्पे थरथरतायत. तिथं रक्त साचून गुठळी झाली आणि मेंदूत गेली, तर अर्धं अंग लुळं पडेल. ही गोळी वेग आवरायला, ही गुठळी होऊ नये म्हणून. बरं वाटलं तरी मनानं बंद करायची नाही. आणि तंबाखू आजपासून बंद."

फडफड थांबली तशी घड्याळजींनी गोळी बाजूला सारली. "चालत्या घड्याळाला कुणी हात लावतं का?"

"मी लावते. गिळा. आता आ करा. जीभ वर!"

तंबाखूने रंगलेले ते तोंड आता मला रोज आतून पाहावे लागते. पण माणूस धडधाकट जिना चढतो, हे मान्य करायला हवे.

मित्रांनो, मोजण्याआधी जरा शांत बसा. खूण पुन्हा पुन्हा दिसली, तर मला आपटू नका, डॉक्टरांकडे जा. सुरू केलेली गोळी त्यांना विचारल्याशिवाय सोडू नका. छातीत दुखले, शुद्ध हरपली, तोंड वाकडे झाले किंवा बोलणे अडखळले, तर क्षणभरही न थांबता दवाखाना गाठा.

आणि घड्याळजी, पेल्यात बुडवलेली तुमची कवळी माझ्याकडे तोंड करून ठेवू नका.