अर्ध्याची भर

घर सोडून गेलेली माणसं परत येतात का, हे आकड्यांतून शोधायचं तिचं एका संस्थेत काम होतं. आडव्या ओळींत माणूस कसा गेला ते मांडायचं, भांडून, कामासाठी, की काहीच न सांगता. आणि उभ्या रकान्यांत आला की नाही ते. तिचा स्वतःचा नवरा भरल्या ताटावरून उठून न सांगता गेलेला, पण संस्थेत तिने याची कधी कुणाला कुणकुणही लागू दिली नव्हती.

‘न सांगता गेला, परत आला’ या चौकटीत शून्य निघालं.

“शून्य ठेवलंत तर गुणोत्तरच निघायचं नाही, शून्याने भागणार कसं, मॅडम,” सर म्हणाले. “प्रत्येक चौकटीत अर्धा मिळवा. सगळेच करतात.”

“अर्धा माणूस, सर?”

“मग काय, मी जाऊ पळून अन् येऊ परत?”

तिनेही हसून घेतलं, आणि अर्धा मिळवला.

संध्याकाळी घरी आली तर सासूबाई दारातच. “आलाय गं तो,” त्या कुजबुजल्या. “पण नीट नाही आला.”

आत कुणी दिसेना. पलंगावर त्याच्या बाजूची गादी मात्र दबलेली होती, तीही उशीपासून कमरेपर्यंतच. हात लावला तर कोमट. आधी काही दिवस दोघींनी तेवढ्यावरच समाधान मानलं; सासूबाई उशाशी चहा ठेवायच्या, अर्धा संपायचा. मग कण्हणं सुरू झालं, ‘आई’मधला ‘आ’ निघायचा आणि तिथेच तुटायचा. शेवटी सुनेने चौकटीची सगळी हकीकत सांगून टाकली.

“एक तर पुरता आण त्याला, नाहीतर सोडव,” सासूबाई म्हणाल्या. “माझं लेकरू असं अधांतरी ठेवू नकोस.”

दुसऱ्या दिवशी ती सरांकडे गेली. “सर, तो अर्धा काढू या का?”

“आता? अहवाल गेला की छापून! आणि वाचायलाही किती बरं वाटतं बघा, न सांगता गेलेल्याच्या परतण्याचीही थोडी का होईना, आशा आहे. लोकांना धीर येतो हो, मॅडम.”

तरी तिने आपल्या संगणकावर पुन्हा शून्य टाकलं. गणित अडलं, उत्तराच्या जागी काहीच येईना. मोठ्या आशेने ती घरी धावली.

सासूबाई पलंगाशी बसून रिकाम्या उशीवरचं कपाळ चेपत होत्या.

“सोडवलंस?”

ती आपल्या बाजूला आडवी झाली. शेजारी श्वास आत ओढल्याचा आवाज झाला. तो बाहेर पडेल म्हणून दोघी कान देऊन राहिल्या.