पडताळणीची दहा मिनिटं

त्या सकाळी इस्त्रीवालीने पहिला शर्ट भावाचा घेतला. गिऱ्हाइकांचे गठ्ठे भिंतीला लागून पडले होते, त्यांना आज थांबणं भाग होतं. फिकट निळ्या शर्टावर तिने पाणी शिंपडलं, आधी कॉलर, मग बाह्या, मग पाठ अशी इस्त्री फिरवली आणि बटणपट्टी इतकी ताठ केली की स्वतःच खूश झाली. आज धाकट्याची भत्ता कार्यालयात तपासणी होती. चार माणसांत जाताना इस्त्रीवालीचा भाऊ चुरगळलेला दिसला, तर लोक धंद्यालाच नावं ठेवतील.

धाकटा मागच्या खोलीत भिंतीकडे तोंड करून बसला होता. तिशी ओलांडलेला माणूस. पूर्वी तो चष्म्याच्या दुकानात काचा घासायचा, आणि त्याच्या हातची काच परत येत नाही असं मालक कौतुकाने सांगायचा. मग छातीत धडधड सुरू झाली. आधी गर्दीत, मग बसमध्ये, मग गल्लीच्या तोंडाशीच. एके दिवशी मालकाने त्याला गल्ल्यावर बसायला सांगितलं, तर तो दुकानाच्या मोरीत आतून कडी लावून बसला. दार फोडून त्याला बाहेर काढावं लागलं. डॉक्टरांनी चिंतेचा आजार असं निदान केलं, गोळ्या दिल्या आणि घरी राहून उपचार घेण्यासाठी भत्ता सुरू झाला. आता ‘कामाला योग्य’ असा शेरा पडला, तर भत्ता जाणार होता आणि कार्यालय नेमून देईल त्या कामावर हजर व्हावं लागणार होतं.

आईने हा आजार कधी आजार म्हणून मानलाच नाही. गिऱ्हाईक विचारी, “मुलगा दिसत नाही?” आई सांगे, “लाजाळू आहे हो फार.” झाकली मूठ सव्वा लाखाची, हे तिचं शास्त्र. आता मूठ इतकी वर्षं झाकून ठेवली की आत बोटं आखडतात, हे तिला कोण सांगणार?

तपासणीआधी मायलेकींनी रोज त्याची उजळणी घेतली होती.

“मान वर ठेव,” ताई म्हणायची. “समोरच्याच्या डोळ्यांत बघ. हात चोळू नकोस.”

“आणि काही विचारलं तर?”

“ठीक आहे म्हणायचं.”

“पण ठीक नाहीये गं, ताई.”

“ते डॉक्टरांनी लिहिलंय ना कागदावर! तू आपलं नीट वाग. वेड्यासारखं केलंस तर दारात उभंसुद्धा करणार नाहीत.”

बिचारीला वाटलं, भल्या माणसासारखं वागणाऱ्यालाच मदत मिळते. आजाऱ्यालाही आधी शहाणा दिसायला लावायचं, ही खोड तिच्या एकटीची नाही. तुमच्याआमच्या घरात ती पिढ्यान्‌पिढ्या मुरलेली आहे.

तपासनीस बाई तरुण होत्या, गोड बोलणाऱ्या. त्यांनी तिघांनाही खुर्च्या दिल्या.

“कसे आलात?”

“चालत,” धाकटा म्हणाला. बसमध्ये चढता येत नाही म्हणून चालत, वाटेत बंद दुकानांच्या पायऱ्यांवर बसत बसत, पण हे कुणी विचारलं नाही.

“झोप लागते?”

“ठीक आहे.”

“बाहेर पडायची भीती वाटते?”

त्याने ताईकडे पाहिलं. ओठ उघडले. तेवढ्यात आई मध्ये पडली. “छे हो, भीती कसली! स्वभाव लाजाळू आहे एवढंच. लहानपणापासूनच.” आणि ती हसली. तपासनीस बाईही हसल्या. धाकट्यानेही, शिकवल्याप्रमाणे, त्यांच्या डोळ्यांत बघून हसून घेतलं. नंतर जिन्याखाली तो त्या निळ्या शर्टावर भडाभडा ओकला, तेव्हा बाईंचं दार बंद झालेलं होतं.

निकाल आला. ‘कपडे स्वच्छ, कडक इस्त्रीचे. नजरेला नजर देतो. लांबचं अंतर चालत येतो. आईच्या सांगण्यानुसार फक्त लाजाळू. कामाला योग्य.’ खाली काम नेमून दिलेलं होतं: मालाच्या गोदामात दारावर उभं राहून येणाऱ्याजाणाऱ्यांची विचारपूस करायची.

ताईने कागद आईपुढे धरला. “आई, हे सगळं आपणच दिलंय गं त्यांच्या हातात.”

तिने अपील केलं. सुनावणीत काहीही लपवायचं नाही असं ठरवलं. आई संतापली. “घरातलं चव्हाट्यावर मांडणार तू?”

“मांडणार. तो गोदामाच्या दारात मेला, तर ते झाकायला येशील तू?”

सुनावणीला तिघे बसले होते. मध्ये अध्यक्ष, एका बाजूला डॉक्टर, दुसऱ्या बाजूला लिहून घेणारे गृहस्थ. अर्जदार हजर हवाच, असा नियम. म्हणून धाकट्याच्या देखत ताईने सगळं सांगितलं. दाराची घंटा वाजली की तो पलंगाखाली शिरतो. वडील गेले तेव्हा तो उंबऱ्याबाहेर पडू शकला नाही. धाप लागली की स्वतःच्या मनगटाला चावतो, म्हणून तो बारा महिने लांब बाह्या घालतो. कित्येकदा अंथरूण ओलं होतं आणि ती ते पहाटे, गिऱ्हाइकं यायच्या आत, धुऊन टाकते. धाकट्याचे कान लाल झाले. तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणतात तो हाच, आणि मारणारी त्याची जीव लावणारी बहीण.

अध्यक्षांनी चष्मा काढला. “बाई, हे खरं असेलही. पण आमच्यासमोर तर ते शांत बसलेत.”

“मी शेजारी आहे म्हणून.”

“असं?” अध्यक्षांनी डॉक्टरांकडे पाहिलं. डॉक्टरांनी खांदे उडवले. “मग सोपं आहे. तुम्ही आणि आई दहा मिनिटं बाहेर थांबा. आम्ही पडताळणी करतो.”

“म्हणजे तो तडफडतो का ते बघणार?”

“जपून बोला. तुमच्याच फायद्याचं आहे. नाहीतर आधीचा निकाल कायम.”

ताई जागची हलेना. तेव्हा धाकटाच म्हणाला, “जा, ताई.” तोंडाने जा म्हणाला, पण त्याच्या हाताने तिची बाही सोडली नाही. तिला त्याची बोटं एकेक करून सोडवावी लागली. “आलेच हं मी,” ती म्हणाली, आणि मागे न बघता बाहेर पडली.

बाहेर बाकावर पाळीची वाट बघणारी माणसं होती. आधी आतून नुसता अध्यक्षांचा आवाज येत होता. गोदामात किती माणसं चालतील? पन्नास? शंभर? कुणी अंगावर ओरडलं तर? हे विचारताना अध्यक्षच ओरडले. मग खुर्ची पडली. मग दारावर आतून नखं घासल्याचा आवाज आला आणि हाक आली, “ताई! ताई गं!”

तिने दाराची मूठ धरली. शिपाई हळूच म्हणाला, “बाई, वेळ व्हायचीय. मधे उघडलंत तर पडताळणी अपुरी धरतात.” तो वाईट माणूस नव्हता, तिच्याकडे बघायचं टाळत होता. ताईने मूठ धरून ठेवली आणि फिरवली नाही. ती तशीच उभी राहिली. आत तो तिला हाका मारत होता आणि बाहेर ती त्या हाका भत्त्यासाठी मोजू देत होती. दुसरं काय करायला हवं होतं, हे ज्याला माहीत असेल त्याने तिला जरूर दोष द्यावा.

बाकावरच्या एका बाईने घाबरून विचारलं, “कोण आहे हो आत?”

आई पुढे झाली. “माझा मुलगा,” ती म्हणाली. “लाजाळू नाही हो तो. आजारी आहे.” इतक्या वर्षांत हे ती पहिल्यांदा बोलली, आणि बोलली तेही एका परक्या बाईशी, उशीर झाल्यावर.

दार उघडलं तेव्हा धाकटा दारालगत जमिनीवर पडलेला होता. मनगट रक्ताळलेलं, विजार ओली. डॉक्टर खिडकीबाहेर बघत होते. अध्यक्ष सही करत होते.

“ठीक आहे. खात्री पटली आमची,” ते म्हणाले. “भत्ता पूर्ववत. एका वर्षासाठी. मग नियमाप्रमाणे पुन्हा पडताळणी.”

आईने हात जोडले. सवयच तशी. ताई भावाला उचलत होती.

लढाई जिंकली होती. घरी मात्र धाकटा ताईशी बोलेना. तिने ताट ठेवलं की ती जाईपर्यंत तो हात लावत नसे. ती खोलीत आली की भिंतीकडे सरके. आजवर तिच्या पावलांनी त्याची धाप कमी व्हायची, आता तिच्याच पावलांनी ती वाढू लागली. कार्यालयाच्या कागदांत याची नोंद होणार नव्हती. तिथे अर्जदाराचं काम झालेलं होतं.

बऱ्याच दिवसांनी एका दुपारी तो दाराआडून बोलला.

“ताई, पुढच्या वर्षी पण तू बाहेर जाशील?”

तिच्या हातातली इस्त्री थांबली. “तुला काय वाटतं?”

“जाशील,” तो म्हणाला. आवाजात राग नव्हता. “जावंच लागेल ना तुला.”

तिने इस्त्री बंद केली, आईला दुकान बघायला सांगितलं आणि तशीच, घामेजल्या कपड्यांनी, भत्ता कार्यालय गाठलं. खिडकीतल्या कारकुनाने नोंदी चाळल्या.

“अहो, तुमचं तर मंजूर झालंय.”

“माहीत आहे.”

“मग तक्रार कशाची?”

“मंजूर कसं झालं त्याची.”

कारकुनाने मान वर केली आणि जरा समजुतीने म्हणाला, “बाई, उगाच उकरून काढू नका. पुन्हा तपासायला घेतील, हातचं जाईल. मिळालंय ना? आता आणखी काय हवंय तुम्हाला?”

मागे रांग होती. रांगेत एक म्हातारा थरथरत्या मुलीला धरून उभा होता. मुलीचे केस नीट विंचरलेले होते, कपडे कडक इस्त्रीचे होते. ताईने त्या दोघांकडे पाहिलं आणि पुन्हा खिडकीकडे वळली.

“मला पुढच्या वर्षी दाराबाहेर उभं राहायचं नाहीये,” ती सगळ्या रांगेला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली. “यांनाही राहायला लावायचं नाही. एवढं लिहून घ्या. तुम्ही लिहीपर्यंत मी इथून हलत नाही.”