पाण्यावरून आलेली देवी

घोणस चावल्यावर चालू नये, हे आमच्या पाड्यावर शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे. माझी बायको धोंडी मात्र रानातून चालत घरी आली. पहाटे मोहाची फुलं वेचायला गेली होती. पाचोळ्यात हात घातला आणि आतली घोणस पायाला डसली. वर फुलांची पाटी डोक्यावर. "टाकून कशी येऊ? वाया गेली असती," म्हणाली. मी तिला शिव्या घातल्या. तोवर तिचा पाय गुडघ्यापर्यंत सुजला होता.

पाड्यावर चिटपाखरू नव्हतं. सगळे धरणाच्या पलीकडच्या काठावर बोहाड्याला गेलेले. तिथे रात्रभर देवादानवांची सोंगं मुखवटे बांधून नाचतात आणि शेवटच्या सकाळी, ऊन चढल्यावर, देवी महिषासुराला मारते. फोनला रेंज ना इकडे ना तिकडे. दवाखानाही पलीकडेच, रस्त्याने वळसा घालायचा तर दुपार झाली असती. आम्हा कातकऱ्यांना जमीन नाही, पाण्यावर पोट. म्हणून दारात मासे धरायची होडी तरी होती. धोंडीला तिच्यात निजवलं, वर लुगडं पांघरलं आणि वल्हं मारायला लागलो.

अर्ध्या पाण्यात ती म्हणाली, "येसू, तोंडात खारट लागतंय." पाहिलं तर हिरड्यांतून रक्त येत होतं. मला रडू फुटलं.

"रडू नको. होडी डुलते," ती म्हणाली.

या बाईचं तोंड आयुष्यभर बंद झालं नाही, यावरून मी कितीदा तरी कावलो होतो. त्या दिवशी ते बंद होऊ नये म्हणून मनातल्या मनात हात जोडत होतो.

काठावर पाय ठेवायला जागा नव्हती. होडी टेकताच पलीकडे जायला ताटकळलेली माणसं चढायला धावली. "माणूस मरतंय!" मी ओरडलो. संबळापुढे माझं कोण ऐकणार? वर रस्त्याला एकच जीप उभी होती, नवसूची. आणि नवसू मैदानात महिषासुराचा मुखवटा बांधून नाचत होता. "नवसूला सोंगातून ओढून आणतो," म्हणत धोंडीला तशीच सोडून मी त्याच्याकडे पळालो.

"नवसू, धोंडीला घोणस चावली. गाडी काढ!"

मुखवटा हलला, शब्द आला नाही. सोंग घेतलेल्याने देवी मारेपर्यंत बोलायचं नाही, मुखवटा सोडायचा नाही, अशी रीत. दोघातिघांनी मला मागे ढकललं. "सोंगाला शिवतोस? अक्कल हाय का?"

परत पळत आलो तर होडीभोवती बायकांचं कडं. धोंडी उठून बसली होती, केस सुटलेले, ओठ लाल, कळांनी घुमत होती. आणि या बाया तिला हळदकुंकू लावत होत्या! देवीच्या दिवशी पाण्यावरून आलेली, तोंड रक्ताने माखलेली. त्यांच्या मते तिच्या अंगात देवी आली होती. एरवी आमच्या हातचं पाणी न घेणाऱ्या त्या बायका तिच्यापुढे डोकं टेकवत होत्या.

"देवी नाय, विष हाय ते!" मी घसा फोडला. एकीने माझ्या तोंडावर अंगारा फेकला.

सुनिता नावाची एक बाई तर होडीतच उतरली आणि तिने धोंडीचे पाय घट्ट धरले, सुजलेल्या पायासकट. "आई, मना पोर होईल का? सांगितल्याबिगर सोडायची नाय." धोंडी किंचाळली. त्या किंचाळीने बायका आणखीच हात जोडायला लागल्या.

मी सुनिताचे हात ओढत होतो. सुटेनात. तेव्हा धोंडीने माझ्याकडे पाहिलं. तिला सगळं कळलं होतं. माझ्यापेक्षा तिला नेहमीच आधी कळायचं.

"होईल," ती घोगऱ्या आवाजात म्हणाली. "पुढच्या बोहाड्याला मांडीवर पोर असेल. सोड."

हात सुटले. मग ती सगळ्या काठाला ऐकू जाईल अशी ओरडली, "नवसूचा मुखवटा उतरवा! मना त्याच्या गाडीत बसवा!"

संबळ थांबला. देवीचीच आज्ञा, मोडणार कोण? ज्यांनी मला ढकललं त्यांनीच तिला उचलून जीपमध्ये घातलं. नवसूच्या कपाळावर मुखवट्याचे वळ तसेच, आणि तो मोखाड्याच्या दवाखान्याकडे गाडी पळवत होता.

धोंडीचं डोकं माझ्या मांडीवर होतं. "त्या बाईला खोटं बोलले मी," ती म्हणाली.

"गप पड."

"तिला नको सांगू. वर्षभर तरी सुखाने जेवेल."

नंतर ती गप पडली. मी सांगितलेलं तिने पहिल्यांदाच ऐकलं. दवाखान्यात डॉक्टरांनी इंजेक्शनं दिली, छाती दाबली, मग हात पुसले. "थोडं आधी आणायला हवं होतं," ते म्हणाले.

धोंडीला माती दिली आणि होडी आणायला गेलो. होडीत फुलं, बांगड्या, कुंकू. कोणीतरी तिला तोरण बांधलं होतं. शेजारी सुनिता बसली होती, ओटीचे खण-नारळ घेऊन.

"दादा, ती आई कुठल्या पाड्याची? ओटी भरायची हाय."

माझ्या तोंडाशी आलं होतं. तू पाय धरून बसली नसतीस तर ती आज घरी मोहाची फुलं वाळवत असती. मुठी वळल्या होत्या माझ्या. सुनिताने नवी साडी नेसली होती आणि हसू तिच्या चेहऱ्यावर मावत नव्हतं.

"देवी होती ती," मी म्हणालो. "आली तशी गेली. दे इकडे, पाण्यात सोडतो."

नारळ घेऊन मी होडी लोटली. मधल्या पाण्यात आल्यावर रडू आवरलं नाही. होडी डुलायला लागली. मी वल्हं धरून थांबलो. "रडू नको" म्हणून कोणीच ओरडलं नाही.